हरवलेल्या टॅबमधले डोळे

डोळ्याच्या आतला पडदा मी पहिल्यांदा पाहिला, तो माझाच होता. धुळ्याच्या ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघतो, तिथे त्या वर्षी नवे कॅमेरे आले होते. हातात धरायचे आणि टॅबला जोडायचे. डॉक्टर म्हणाले, "बसा, तुमच्यावरच चालवून बघू." भिंतीला डोकं टेकून बसलो. एक पांढरा झोत डोळ्यात शिरला आणि टॅबच्या स्क्रीनवर नारिंगी रंगाचा गोल उमटला. त्यात तांबड्या बारीक रेघा होत्या, पांझरा नदीला ओढे-नाले येऊन मिळावेत तशा एका फिकट पिवळ्या ठिपक्याकडे निघालेल्या.

इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी बराच वेळ बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, "या रेघा दुसऱ्या कोणाच्या अशा नसतात. जुळ्या भावांच्यासुद्धा नाहीत. न कापता रक्तवाहिन्या उघड्या दिसतात, अशी शरीरात ही एकच जागा आहे. साखर म्हणा, बीपी म्हणा, इथे खूण सोडून जातं."

मी कॉमर्स शिकलेला माणूस. दवाखान्यात लागलो तो केसपेपर टाइप करायला. पुढे कॉम्प्युटर वाढले, तसा मीच त्यांचा सांभाळणारा झालो. तोवर डेटा हा शब्द मी शंभर वेळा उच्चारला असेल. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा चेहरा आला.

पूर्वी दवाखान्याची सुरक्षा म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्याची किल्ली. लॉकडाऊननंतर सगळं बदललं. डॉक्टर जळगावच्या आपल्या घरून फोटो तपासू लागले. मीही जळगावचाच, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस एसटीने धुळे, असं ठरलं. तपासणीच्या टीम शिरपूर, साक्री, चोपड्याच्या डोंगराकडच्या गावांत फिरत होत्या. म्हणजे कपाट आता तीसेक पिशव्यांमध्ये वाटलं गेलं होतं आणि त्या पिशव्या जीपमध्ये, एसटीत, आश्रमशाळेच्या वर्गात, कोणाच्या तरी ओसरीवर पडलेल्या असायच्या.

त्या सगळ्यांसाठी माझ्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. त्यात प्रत्येक टॅबची आणि फोनची एकेक ओळ. यंत्र चालू होऊन रेंजमध्ये आलं की ओळीपुढचा ठिपका हिरवा व्हायचा. सकाळी चहाचा कप घेऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो आणि ठिपके उजळताना बघायचो. आधी चोपडा, मग शिरपूर, मग खूप उशिरा साक्रीकडचे. त्यांच्यापैकी कोणालाही मी लांबूनच कुलूप लावू शकत होतो, नको ते ॲप बंद करू शकत होतो, वेळ पडली तर आतलं सगळं पुसून टाकू शकत होतो. बायको समोर मेथी निवडत असायची. तिला एकदा हे दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथून बोट दाबलं की तिकडे डोंगरात होतं?" मी हो म्हणालो. ती जुडी हातात तशीच धरून थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

नियम मीच लिहिले होते. सहा आकडी पिन. पिन कोणाला सांगायचा नाही, कागदावर लिहायचा नाही. दोन मिनिटं हात लागला नाही तर टॅब आपोआप बंद. हॉटेलच्या, स्टँडच्या फुकट वायफायला जोडायचा नाही. टॅबच्या मागे दवाखान्याचं नाव नको, फक्त क्रमांक आणि एक फोन नंबर, म्हणजे आत काय आहे ते सापडणाऱ्याला कळू नये पण परत करता यावा. आणि शेवटचा नियम: यंत्र हरवल्याचं कळलं की तासाभरात पुसायचं.

लोकांना हे आवडलं नव्हतं. डॉक्टरांनासुद्धा नाही. ते स्वतःच्या फोनवर तातडीचे फोटो बघायचे, तेव्हा तोही फोन यादीत घेणं भाग होतं.

"म्हणजे माझ्या नातीचे फोटो तुम्ही बघणार?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. फोनमध्ये कामाचा एक वेगळा कप्पा होईल. मला तेवढाच दिसेल आणि पुसायची वेळ आली तर तेवढाच पुसला जाईल. बाकी फोन तुमचा."

"आणि तुम्ही चुकून दुसरा कप्पा पुसलात तर?"

"मला तो दिसतच नाही, सर. जे दिसत नाही ते पुसता येत नाही."

त्यांनी फोन दिला, पण मी काम करत होतो तोवर ते माझ्या खांद्यामागेच उभे राहिले.

आता अक्कांबद्दल सांगतो. साक्रीच्या टीममध्ये फोटो काढणाऱ्या बाई होत्या. वय पन्नाशीला आलेलं, माहेर त्याच तालुक्यातलं. आमच्या दवाखान्यात लहान-मोठे सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या आधी वॉर्डात आयाबाईचं काम करायच्या. कॅमेरा हातात धरायला शिकल्या आणि दोन वर्षांत त्यांच्यासारखा स्पष्ट फोटो कोणाचाच येईना. म्हाताऱ्या माणसाची पापणी फडफडायची थांबेपर्यंत त्या नुसत्या बोलत राहत, आणि बोलता बोलता फोटो निघालेला असे.

अक्का माझे नियम पाळत. फक्त एका नियमावर त्या अडल्या. "भाऊ, माझा एक हात कॅमेऱ्याला, एक हात माणसाच्या कपाळाला. तेवढ्यात टॅब मिटतो. पिन टाकायला तिसरा हात कुठून आणू?" मला पटलं. त्यांच्या एका टॅबपुरती मी दोन मिनिटांची तीस मिनिटं केली. याचा उल्लेख मी कुठे केला नाही, कोणाला विचारलंही नाही.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. अक्कांची टीम साक्रीच्या पश्चिमेला डोंगराकडे गेली होती. दोन दिवस वरच्या पाड्यांमध्ये, मुक्काम आश्रमशाळेत, तिथे रेंज अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी खाली एका बाजाराच्या गावात. रेंज नसली की फोटो टॅबमध्येच साठून राहतात आणि साक्रीला आल्यावर एकदम वर चढतात. त्यामुळे तीन दिवसांचं सगळं त्या एका टॅबमध्ये होतं. दीडशेच्या वर माणसं, प्रत्येकाचे दोन डोळे, नाव, गाव, फोन नंबर, साखर आहे का, बीपी आहे का.

दुपारी अडीचच्या सुमाराला अक्कांचा फोन आला. मी जळगावला घरीच होतो.

"भाऊ, टॅब गेला."

आवाज शांत होता. त्यांनी क्रमाने सांगितलं. ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये तपासणी होती, समोरच आठवड्याचा बाजार. एका म्हाताऱ्या आजोबांच्या डोळ्यात औषध घातलेलं, त्यांना धूसर दिसत होतं, म्हणून अक्का त्यांना हाताला धरून रस्त्यापलीकडे सोडायला गेल्या. टॅब शेडच्या कडेला बारदानाच्या थप्पीवर ठेवला होता. परत आल्या तर थप्पीच नाही. ती बाजारातल्या कोणाची तरी होती, उचलून नेली. पाऊण तास त्यांनी सगळा बाजार पालथा घातला. वरच्या गावांच्या जीपा तोवर निघून गेल्या होत्या.

"टॅब उघडा होता का, अक्का?"

"नुकताच फोटो काढला होता. उघडाच असेल."

तीस मिनिटं मीच दिली होती. दुसऱ्या कुठल्या टॅबचं असतं तर अक्का रस्ता ओलांडेपर्यंत तो मिटला असता. हा मात्र तीस मिनिटांच्या आत कोणी हाती घेतला असेल, तर उघडाच मिळाला असणार.

मी यादी उघडली. त्या ओळीपुढे राखाडी ठिपका, शेवटचा संपर्क सकाळचा. बाजूला दोन बटणं, एक लॉकचं, एक पुसण्याचं. लॉक लगेच पाठवलं. पण तेही टॅब रेंजमध्ये आल्याशिवाय पोचणार नव्हतं. आणि रेंज आली तेव्हा तो कोणाच्या हातात असेल, कोणी आधीच आतली यादी चाळली असेल का, त्याचा काही नेम नव्हता. पुसण्याच्या बटणावर मी बोट नेलं आणि थांबलो. पुसलं की ते दीडशे लोक गेले. त्यांची प्रत कुठेच नव्हती.

मी डॉक्टरांना फोनवर घेतलं. तिघं एका वेळी बोलत होतो, ते त्यांच्या घरून, मी माझ्या घरून, अक्का बाजारातून. मागून कोंबड्यांचा आणि भाव सांगणाऱ्यांचा आवाज येत होता.

डॉक्टर म्हणाले, "एक दिवस थांबा. टॅब सापडला तर फोटो वाचतील. त्यात एखादा तातडीचा असला तर?"

"आहे एक," अक्का म्हणाल्या. "वरच्या पाड्यावरचा माणूस. चाळिशीचा. उजव्या डोळ्यात रक्ताचे डाग होते, मी बघितले. त्याला म्हटलं धुळ्याला ये. तो म्हणाला, बघतो."

"मग तर थांबायलाच हवं," डॉक्टर म्हणाले.

माझाच नियम मला तासाचं घड्याळ दाखवत होता. मग अक्काच बोलल्या.

"डॉक्टर, काल एक बाई आली होती. तिला साखर आहे. घरात कोणाला माहीत नाही. तिच्या मुलीचं जमवायचं चाललंय. म्हणाली, हे लिहाल तर कोणाला सांगणार नाही ना. मी म्हटलं, नाही. तिचं नाव आहे त्यात. तशा अजून असतील, सगळ्याच बोलून दाखवत नाहीत. ते वरचं गाव छोटं आहे. एका घरात कळलं की सगळ्या घरांत कळतं. भाऊ, पुसून टाका."

"अक्का, तीन दिवसांचं काम आहे तुमचं."

"काम परत करता येईल. शब्द दिलेला परत घेता येत नाही. पुसा तुम्ही."

मी म्हणालो, "सर?" डॉक्टर म्हणाले, "हं." मी बटण दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. ओळीपुढे लिहून आलं: प्रतीक्षेत.

मी ज्या गोष्टीला तोवर निव्वळ सोय समजत होतो, तिचं मला त्या दिवशी खरं भय आणि नवल वाटलं. एक शब्द मी पाठवला होता आणि तो कुठेतरी थांबून राहिला होता. टॅब कुठे आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. कुठल्या पाड्यावर, कुठल्या घरात, कधी कोणी ते यंत्र रेंजच्या हद्दीत आणेल, त्या क्षणी हा शब्द त्याला गाठणार होता. एक दिवस लागो की महिना.

डॉक्टरांना मी तीस मिनिटांचं त्याच दिवशी सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग तुम्हीपण जा अक्कांबरोबर. बघून या तुमचं यंत्र कुठे काम करतं ते."

मी त्या दवाखान्यात अठरा वर्षं होतो आणि एकाही शिबिराला गेलो नव्हतो. दोन-तीन दिवसांनी नवा टॅब घेऊन मी साक्रीला उतरलो. तिथून जीपने वर. अक्का पुढे बसल्या होत्या. मी विचारलं, "यादी तर गेली. कोणाकोणाला बोलवायचं कसं कळणार?"

"बघू," त्या म्हणाल्या.

पहिल्या पाड्यावर शाळेच्या ओट्यावर लोक जमले. अक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. तुमचे डोळ्यांचे फोटो होते तो टॅब माझ्या हातून हरवला. तुमची माहिती भलत्याच्या हाती पडू नये म्हणून आम्ही ती पुसायला सांगितली आहे. आता तुम्हाला परत बसावं लागेल, डोळ्यात परत औषध घालावं लागेल, परत दोन तास धूसर दिसेल. चूक आमची आहे.

मी मान खाली घालून उभा होतो. मला वाटलं, निम्मे लोक उठून जातील. कापूस वेचणीचे दिवस, कोणाला वेळ आहे? एक म्हातारे आबा पुढे बसले होते. त्यांनी विचारलं, "मना डोया तठे ऱ्हायना का मंग?"

माझा डोळा तिकडेच राहिला का, असं ते विचारत होते. कोणी हसलं नाही. अक्का त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "नही आबा. तठे काही ऱ्हावाव नही. बठ्ठं पुसाई जाई." तिथे काही राहणार नाही, सगळं पुसलं जाईल.

आबांनी थोडा विचार केला आणि भिंतीला डोकं टेकवून डोळे उघडे धरले. "काढ मंग."

त्यानंतर मी जे बघितलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. अक्कांनी यादी आठवणीतून उभी केली. नावांनी नव्हे. या आबांच्या मागे ती मुलगी बसली होती, कडेवर लेकरू असलेली. तिच्यानंतर दोघे भाऊ, एकाच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. मग ती बाई, जिच्या पापण्या सारख्या मिटत होत्या. रांग जशी होती तशी त्या सांगत गेल्या, जे नव्हते त्यांच्याकडे निरोप गेले, आणि लोक येत गेले. कोणी शेतातून कापसाची झोळी कमरेला तशीच बांधून आलं. संध्याकाळी मी मोजलं तेव्हा त्या पाड्यावरचे तिघेच राहिले होते. माझं सॉफ्टवेअर तीस यंत्रं लक्षात ठेवतं म्हणून मी नवल करत होतो, आणि इथे एक बाई दीडशे माणसं त्यांच्या डोळ्यांवरून लक्षात ठेवून होती.

ज्या बाईला साखर होती ती आली असेल, नसेल. मी अक्कांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नोंदीच्या वेळी मी मुद्दाम ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो होतो.

मात्र तो चाळिशीचा माणूस गाव सोडून गेला होता. त्याच्या घराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, ऊसतोडीला गुजरातेत गेला, टोळी परवाच निघाली. त्याचा फोन लागत नव्हता. अक्का त्या कुलपासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी शेजारणीकडून टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला आणि स्वतःच्या हातावर पेनाने लिहून घेतला.

शेवटचा दिवस पुन्हा त्या बाजाराच्या गावात होता. तोच आठवड्याचा वार, तेच शेड. सकाळपासून टेम्पो आणि जीपा उतरत होत्या. मी कडेला खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. नेट येत-जात होतं. अकरा वाजून गेले असतील. सवयीने यादी उघडली आणि त्या ओळीकडे नजर गेली. राखाडी ठिपका हिरवा होता. मी बघत असतानाच 'प्रतीक्षेत' हा शब्द गेला आणि तिथे 'पूर्ण' आलं.

नकाशा उघडला. ठिकाण म्हणून जो ठिपका आला होता तो त्याच गावावर होता. मी बसलो होतो त्या शेडपासून शे-दोनशे पावलांवर. मी मान वर करून समोर बघितलं. भाज्यांचे ढीग, बांगड्यांच्या गाड्या, कपड्यांची पालं, माणसंच माणसं. त्या गर्दीत कुठेतरी आत्ताच, माझ्या आठवड्यापूर्वीच्या शब्दाने ते यंत्र गाठलं होतं आणि त्याच्या आतले सगळे डोळे मिटवले होते.

"अक्का," मी म्हणालो, "टॅब इथेच आहे."

त्यांनी विचारायच्या आत माझा फोन वाजला. बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराचा. "साहेब, एका टॅबच्या मागे हा नंबर आहे. आमच्याकडे एक मावशी घेऊन आल्यात. लवकर या, त्या फार घाबरल्यात."

दुकानाच्या फळीवर टॅब होता, चार्जरला लावलेला, आणि त्याच्या स्क्रीनवर नव्या यंत्राचं असतं तसं स्वागत आलेलं. बाजूला साठीच्या एक बाई उभ्या होत्या. सुक्या मिरच्या विकणाऱ्या. पदराला, हाताला, नखांना लाल भुकटी. मला बघताच त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"मी काहीच करं नही, भाऊ. चार्जिंगले लावं आनि आपोआप कोरं व्हई गयं."

"तुम्ही काही केलं नाही, मावशी. ते मी केलं," मी म्हणालो.

त्यांना ते समजायला वेळ लागला. अक्कांनी त्यांच्या बोलीत समजावलं, तेव्हा कुठे त्यांचे हात पुढे आले. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी आपली रिकामी बारदानं उचलून जीपमध्ये टाकली. घरी गेल्यावर झटकताना त्यातून हे निघालं. त्यांच्या गावात रेंज नाही. टॅब तोवर बंद पडलेला. त्यांनी तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि वर आढ्याला बांधून ठेवला, कोणाचा हात लागू नये म्हणून. ज्याचा असेल तो बाजारात शोधत येणार, हे त्यांनी धरून चाललं होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी बरोबर आणला आणि आधी या दुकानात दिला. चार्ज झाला की मालक फोन करेल, असं त्यांना वाटलं होतं.

मी विचारलं, "आठवडाभर उघडून बघावंसं नाही वाटलं?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानेच बघितलं. "मना नही शे. मंग काब्र उघाडू?" माझा नाही, मग कशाला उघडू.

दोन वर्षं मी लोकांना बसवून हे शिकवत होतो. तक्ते लावून, चित्रं दाखवून. मी त्यांच्यापुढे वाकलो, पण त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, गिऱ्हाईक खोळंबलंय. अक्कांनी डोळे तपासायला चला म्हटलं तर म्हणाल्या, बाजार उठल्यावर बघू. त्या दिवशी त्या आल्या नाहीत.

टॅबच्या चार्जिंगच्या खाचेत मिरचीची भुकटी गेली होती. दुकानदाराने ब्रशने साफ केली तेव्हा आम्ही तिघं शिंकत होतो.

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडत बसलो. बॅटरी संपून बंद पडलेला टॅब पुन्हा चालू झाला की पिन मागतो. म्हणजे मावशींच्या आढ्याला तो टांगलेला होता तेव्हा तसाही मिटलेलाच होता. आम्ही पुसलं नसतं तर आज सगळे फोटो जसेच्या तसे हाती आले असते. मी हे अक्कांना बोलून दाखवलं.

"आज कळलं ते त्या दिवशी कोणाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या. "बारदान दुसऱ्या कोणाचं असतं तर?"

धुळ्याला पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे अक्कांच्या टॅबची तीस मिनिटं काढली. त्याऐवजी बोटाच्या ठशाने उघडायची सोय केली. दोन सेकंदांचं काम होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. नियमात सूट देणं सोपं होतं, अक्कांच्या हाताकडे नीट बघणं मी टाळलं होतं.

ऊसतोडीला गेलेल्या माणसाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. अक्का मुकादमाला दर दोन-तीन दिवसांनी फोन करत. मुकादम कंटाळून उचलेनासा झाला, तेव्हा त्यांनी दवाखान्यातल्या वेगवेगळ्या लोकांच्या फोनवरून लावला. डॉक्टरांनी त्या बाजूच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना निरोप दिला. शेवटी दीड महिन्याने तो तिथल्या दवाखान्यात गेला. उजव्या डोळ्याला तोवर बरंच कमी दिसू लागलं होतं. डाव्याला वेळेवर लेझर झालं.

होळीनंतर तो धुळ्याला तपासायला आला. त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. बाकावर बसलेला, उन्हाने रापलेला, हाताला उसाच्या पात्याचे वळ. अक्कांनी ओळख करून दिली. मला वाटलं, याला सांगितलं पाहिजे. मी शेजारी बसलो आणि सांगितलं, की तुमचा फोटो आमच्या हातून हरवला आणि मी तो पुसला. तो हरवला नसता तर त्याच दिवशी डॉक्टरांनी बघितला असता, तुम्हाला निघायच्या आत गाठलं असतं. कदाचित उजवा डोळा वाचला असता.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "अक्कानी सांगेल व्हतं माले, धुयाले जा. मी गऊ नही. फोटू तुमीन पुसा, पन तिनं सांगेल तं माले याद व्हतं." धुळ्याला जा, हे अक्कांनी सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं. गेला नाही, तो दोष आपलाच, असं त्याचं म्हणणं.

तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, फोटू पाहता येईल का, स्वतःचा. डॉक्टरांना विचारून मी त्याला आत नेलं. अक्कांनी कॅमेरा धरला, झोत पडला, डाव्या डोळ्याचा गोल स्क्रीनवर आला. लेझरच्या बारीक फिकट खुणा कडेने ओळीत पेरल्यासारख्या दिसत होत्या. तो स्क्रीनच्या अगदी जवळ गेला. एक बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही.

"इतलं शे मझार," तो हळूच म्हणाला.

आत इतकं आहे. अक्का त्याला एकेक रेघ दाखवत राहिल्या, आणि बाहेरची रांग वाढत असूनही डॉक्टरांनी त्यांना घाई केली नाही.